गाण्याची खोली आणि तिची वीज

जी सुखे निरुपद्रवी समजली जातात त्यांत गाणे ऐकण्याच्या सुखाचा क्रम फार वरचा आहे. मद्यपी आपले घर बुडवितो, जुगारी दुसऱ्याचेही बुडवितो. परंतु एखादा गृहस्थ सायंकाळी दार लोटून घेऊन तासभर यमन ऐकत बसला तर त्याने कोणाचे काय घेतले, असे कोणीही विचारील. आम्हीही आजवर असेच विचारीत आलो. मेढ्यास आमच्या जुन्या घराच्या माडीवर गाणे ऐकण्यासाठी एक स्वतंत्र खोली करावी असे गेल्या वर्षी मनात आले, आणि तिच्या वायरिंगचा आराखडा करावयास आम्ही बसलो, तेव्हा मात्र या प्रश्नाचे उत्तर वाटले होते तितके सोपे राहिले नाही. पुढील मजकूर त्या आराखड्याविषयी आहे. त्यातून नीतीचे जे प्रश्न निघाले ते शोधावयास आम्ही गेलो नव्हतो.

पूर्वी हा हिशेब सरळ होता. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, तीन-साडेतीन मिनिटांत संपे, आणि पुन्हा चावी द्यावी लागे. मिरजेस ज्यांनी घर केले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे, ते १९३७ साली निवर्तल्यानंतर, पुढच्या पिढीस जे ऐकावयास मिळाले ते अशाच तबकड्यांतून. गाण्याची शक्ती गवयाच्या गळ्यात, आणि ते पुन्हा ऐकविण्याची शक्ती ऐकणाराच्या दंडात. मध्ये तिसऱ्या कोणाचा संबंध येत नव्हता. (लाखेच्या तबकड्या करणाऱ्या मजुरांचा हिशेब कोणास मांडावयाचा असेल तर तो अवश्य मांडावा, आमची त्यास ना नाही.) आज तीच गाणी विजेवाचून ऐकता येत नाहीत, आणि वीज आली की तिच्यासवे तिचा स्वतःचा आवाजही घरात येतो.

तो आवाज कसला हे सांगितले पाहिजे, कारण सर्व खटाटोप त्याच्यासाठी आहे. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदास ५० आवर्तने करते. यंत्राच्या पोटात तिचे एकदिश विजेत रूपांतर होते तेव्हा ५० ची दुप्पट, म्हणजे १०० आवर्तनांची लहर शिल्लक राहते. हे रूपांतर सदोष असले, किंवा घरातील अर्थिंग बिघडलेले असले, तर या ५० आणि १०० आवर्तनांची एक मंद गुणगुण स्पीकरमधून अखंड ऐकू येते. आता पांढरी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची पंचमाची तार घ्या. ती सेकंदास सुमारे ९८ आंदोलने करते. ९८ आणि १०० हे स्वर एकत्र वाजले म्हणजे सेकंदास दोनदा या प्रमाणात आवाज फुगतो आणि ओसरतो. म्हणजे मिरजेच्या कारागिराने घडविलेला, गवयाने जीव लावून जुळविलेला तंबोरा आमच्या माडीवर येऊन बेसूर होतो, आणि त्याला बेसूर करणारा पंचम आमच्या भिंतीतील तारेचा असतो! ज्याचा कान थोडासाही तयार आहे त्याला हे सोसवत नाही. तेव्हा गुणगुण घालविण्याची इच्छा ही केवळ चैन आहे असे आम्हांस वाटत नाही. गवयाविषयीच्या आदराचाही तिच्यात अंश आहे.

ही गुणगुण घालविण्याचे उपाय सांगणारे दुकानदार मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत. त्यांतील एकाने आम्हांस जाडजूड तांब्याची तार, स्वतंत्र थ्री-फेज मीटर, वीज 'शुद्ध' करणारी एक अवजड पेटी आणि तिला जोडावयाची हातभर जाडीची केबल असा नकाशा काढून दिला. खर्चाचा आकडा पाहून आम्ही प्रथम दचकलो, आणि नंतर, मनुष्यस्वभावास अनुसरून, ज्याला इतके पैसे पडतात त्यात काही तथ्य असलेच पाहिजे असे समजू लागलो. सुदैवाने मेढ्याच्या आमच्या वायरमनच्या अंगी ही विद्वत्ता नव्हती. त्याने नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, ह्या लाइनीवर चालणार काय काय?"

आम्ही यादी केली. ध्वनिवर्धक यंत्र, रोजच्या आवाजात, दीडशे-पावणेदोनशे वॅट, गाणे वाजविणारे यंत्र तीस, पंखा पंचाहत्तर, दिवा वीस. सगळे मिळून तीनशेच्या घरात. खरे पाहता खोलीत बसून ऐकणाराच्या कानापर्यंत आवाज पोहोचविण्यास बहुतेक वेळ एक-दोन वॅटच पुरतात; बाकीची वीज यंत्र तापण्यात जाते. तीनशे वॅट म्हणजे २३० व्होल्टवर फार तर सव्वा-दीड अँपिअर. मुख्य बोर्डापासून माडीपर्यंतचे अंतर पंधरा मीटर. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घेतली तरी एवढ्या वाटेत अर्धा व्होल्टही गळत नाही. उलटपक्षी घराच्या बाहेर पुरवठ्याच्या नियमांनीच शेकडा ६, म्हणजे चौदा-एक व्होल्टचा चढउतार मान्य केलेला आहे, आणि खेड्यात तो किती वेळा त्याहूनही अधिक होतो हे सांगावयास नको. म्हणजे दुकानदार आम्हांस राजमार्ग विकत होता तो शेवटच्या पंधरा मीटरांपुरता.

तेव्हा आराखडा असा ठरला. मुख्य बोर्डावरून माडीसाठी एक वेगळी लाइन. तिला सोळा अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गाण्याची सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणि एकाच अर्थिंगला. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर हे कुरकुर करणारे शेजारी शक्य तितके दुसऱ्या लाइनीवर. यंत्रांना जोडणाऱ्या बारीक तारा विजेच्या तारांना समांतर न नेता, जेथे गाठ पडेल तेथे काटकोनात ओलांडून न्यावयाच्या. गुणगुणीचे सर्वांत मोठे कारण दोन यंत्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असणे हे आहे. तशी ती असली की त्यांच्यामधील तारेतून एक वेटोळे पुरे होते, आणि त्या वेटोळ्यात वीज नको तेथे फिरू लागते. सर्वांस एकाच ठिकाणी जमिनीशी जोडले म्हणजे वेटोळे तुटते. यास खर्च काहीच नाही, विचार मात्र पुष्कळ लागतो. अर्थिंगला मात्र खर्च आला. आमच्याकडे चार फूट खणले की खडक लागतो, आणि कोरड्या खडकात वीज मुरत नाही. शेवटी परसात विहिरीच्या ओलीजवळ जागा मिळाली. तेथे अडीच मीटरचा नळ कोळसा आणि मीठ घालून पुरला, आणि चैत्र-वैशाखात त्यावर रोज बादलीभर पाणी ओतावयाचे आमच्या वाट्यास आले.

येथपर्यंत सगळे कारागिरीचे झाले. नीतीचा पहिला प्रश्न तिसऱ्या पिनेने उपस्थित केला. खड्डा व्हावयाच्या आधी यंत्रे तात्पुरती मांडून पाहिली तेव्हा गुणगुण होतीच. एका रसिक मित्राने सांगितले की, यात काय आहे, ध्वनिवर्धकाच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. आम्ही काढून पाहिली. गुणगुण तत्काळ थांबली! इतकी शांतता त्या खोलीत पूर्वी कधी झाली नव्हती, आणि तंबोरा असा काही उमटला की आम्ही तासभर जागचे हाललो नाही. परंतु ती पिन कशासाठी असते? यंत्राच्या आत कधी फेजची तार सुटून धातूच्या पेटीस लागली, तर विजेने माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावे यासाठी. पिन काढली की गाणे शुद्ध होते, आणि पेटी एखादे दिवशी प्राणघातक होऊ शकते.

कोणी म्हणेल, आपला जीव धोक्यात घालण्यास मनुष्य मुखत्यार आहे. असेलही. परंतु त्या पेटीस हात कोणाचा लागतो? आम्ही तर लांब खुर्चीत बसलेले असतो. रोज सकाळी ओल्या फडक्याने तिच्यावरील धूळ पुसते ती घरकामास येणारी बाई. ती गाणे ऐकावयास येत नाही. शांततेचा लाभ आमचा आणि तिचे मोल, पडलेच तर, त्या बाईच्या प्राणांत, अशी ही वाटणी होती. आणि ती वाटणी मान्य आहे काय असे तिला कोणी विचारले नव्हते, विचारले असते तरी प्रश्न तिला समजावून सांगण्याची आमची तयारी नव्हती. आम्ही पिन पुन्हा बसविली आणि खड्ड्याचे काम होईपर्यंत गुणगुणीसह गाणे ऐकले.

दुसरा प्रसंग याहून लाजिरवाणा आहे. आमच्या घरास ज्या डीपीवरून वीज येते तिच्यावरच शेजारच्या एका शेतकऱ्याची मोटर आहे. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात तो मनुष्य कंदील घेऊन सापाविंचवांतून उसाला पाणी द्यावयास जातो. मोटर सुरू होते त्या क्षणी ती आपल्या नेहमीच्या पाच-सात पट वीज ओढते, आणि आमच्या माडीवरचा दिवा मिणमिणतो. एका स्नेह्यांनी सुचविले की, वर आपली ओळख आहे, त्याचा पंप पलीकडच्या डीपीवर टाकवू. पलीकडची डीपी लांब. तेथून येणारा दाब इतका कमी की मोटर जळण्याचीच भीती. हे आम्हांस ठाऊक होते. तरीही 'नको' असे म्हणावयास आम्हांस दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मनाने काय काय युक्तिवाद केले ते येथे लिहीत नाही; तर्कशास्त्र शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्याला युक्तिवादांची वाण पडत नाही.

गंमत अशी की, पुढे एकदा मोटर सुरू होण्याच्या वेळी आम्ही दिवा मालवून, डोळे मिटून ऐकत बसलो. गाण्यात काडीचा फरक पडला नाही. यंत्रातील संचयकांत त्या क्षणापुरती वीज शिल्लक असते. बिघडत होते ते गाणे नव्हे. मिणमिणणाऱ्या दिव्यामुळे आपल्या घरावर शेजाऱ्याची सत्ता चालते असे आमच्या अभिमानास वाटत होते, एवढेच.

या दोन प्रसंगांवरून आम्ही एक नियम बसविला, आणि त्याचे आम्हांस बरेच समाधान वाटले. शांतता दोन प्रकारे मिळते. आपल्या घरातील चूक शोधून ती दुरुस्त केली म्हणजे मिळते ती एक. ती कोणाच्याही पदरचे काही घेत नाही. चूक तशीच ठेवून तिचा त्रास दुसऱ्याच्या दारी लोटला म्हणजे मिळते ती दुसरी. पहिली न्याय्य, दुसरी अन्याय्य. नियम सुटसुटीत होता. परंतु तो मीटरपर्यंतच चालतो. मीटरच्या पलीकडे तार कोठे जाते हे पाहिले की तो लटका पडू लागतो.

मेढे हे जावळी तालुक्याचे ठिकाण. ते वेण्णेच्या काठी आहे. पश्चिमेची डोंगराची धार ओलांडली की कोयनेचे खोरे लागते, आणि तेथे, याच तालुक्यात, बामणोलीच्या खाली शिवसागराचे पाणी पसरलेले दिसते. धरण खूप दक्षिणेस, पाटण तालुक्यात कोयनानगरास. उंची १०३ मीटर. प्रकल्पाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीच्या भूगर्भातील केंद्रातून वीज निघू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने या प्रकल्पाची शक्ती १,९६० मेगावॅटवर गेली. त्यासाठी सुमारे शंभर गावे उठली. कोणी सोलापूर, सांगलीकडे गेले, कोणी ठाणे, रायगडाकडे, आणि कोणी पाण्याच्या वर डोंगरात सरकून तेथेच राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला; तोपर्यंत कोयनेचे पाणी भरून बरीच वर्षे झाली होती. साठ वर्षे उलटली तरी त्यांतील कित्येकांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न मिटलेला नाही.

आमच्या खोलीचा याच्याशी संबंध किती? वीज ओळखून वेगळी काढता येत नाही. राज्यातील बहुतेक वीज कोळशाची आहे, आणि आमच्या तारेत आलेली वीज चंद्रपूरची की कोयनेची हे कोणासच सांगता येणार नाही. तथापि कोयनेचे केंद्र विशेषतः सायंकाळी मागणी वाढते त्या वेळी चालवितात, आणि आमची गाणे ऐकण्याची वेळ तीच. म्हणून एक हिशेब केला. हे पाणी बोगद्यातून पश्चिमेस नेऊन पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडतात. एक घनमीटर पाणी इतके पडले की, वाटेतील तूट वजा जाता, सुमारे एक युनिट वीज हाती लागते. तीनशे वॅटची खोली तीन तास चालली की नऊ दशांश युनिट; म्हणजे नऊशे लिटर पाणी. एका सायंकाळच्या गाण्याला पन्नास-साठ हंडे! ते पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर वर्षास साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली ती उगीच नव्हे. याच साताऱ्याच्या पूर्वेकडील माण-खटावात एका हंड्यासाठी किती चालावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पन्नास हंडे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

यावर एक ठरलेले उत्तर आहे. शंभर गावे उठली, पण लाखो घरांत दिवे लागले आणि कारखाने चालले. इंग्रजी नीतिशास्त्रातील हा युक्तिवाद आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविला आहे. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या नावाने त्याची चांगली झडती घेतली आहे. महाराष्ट्रात तो प्रथम कसोटीस लागला तो मुळशीस. १९२१ साली टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहास बसले, तेव्हा त्यांना हेच सांगण्यात आले. धरण झाले, वीज मुंबईस गेली. ती वीज निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही; कोयनेची तर नाहीच. आमचा आक्षेप बेरजेस नाही. आक्षेप असा की, बेरजेत ज्याचे सुख मिळविले जाते आणि ज्याचे दुःख वजा केले जाते ती माणसे एक नसतात, आणि ज्याला वजा केले त्याला उत्तर दाखविण्याची पद्धत नाही.

मग काय, खोली बंद करावयाची? तसे करण्याचा मोह आम्हांस झाला, कारण त्यागात एक प्रकारचा मोठेपणा असतो. परंतु आम्ही गाणे ऐकावयाचे सोडले म्हणून शिवसागराचे पाणी बोटभरही उतरणार नाही, आणि ज्याची जमीन बुडाली त्याला बिघाभर जमीन मिळणार नाही. मिळेल ती आमच्या मनास स्वस्थता. म्हणजे पुन्हा दुसऱ्या प्रकारचीच शांतता. छपरावर सौर पत्रे बसविण्याचा सल्ला देणाऱ्यांस आमचे उत्तर जवळजवळ हेच आहे. पत्रे बसवावेत, चांगले आहेत. पण त्यांनी मागचे देणे फिटते असे समजू नये. शिवाय मेढ्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे तो चार महिने सूर्याच्या भरवशावर राहणार नाही.

शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतः चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. काही दिवस आम्हांस ही कल्पना फार समर्पक वाटली. विजेचे ऋण हे चौथ्या प्रकारचे, असे म्हटले की मन हलके होते. पण हलके होते म्हणूनच तिच्याविषयी संशय आला. देवऋण, ऋषिऋण मोघम असते. धनको दाराशी येत नाही. कोयनेचे ऋण मोघम नाही. त्याला गट नंबर आहेत, खातेदारांची नावे आहेत, अर्जांच्या तारखा आहेत. ते फेडावयाचे ते सरकारने, हे खरे. पण ते फेडावे असा आग्रह वीज वापरणाऱ्या घरांनी कधी धरला आहे काय? महिन्याचे बिल दहा रुपयांनी वाढले तर आम्ही वर्तमानपत्रास पत्र लिहितो. या बाबतीत आम्ही स्वतः आजवर एक ओळही लिहिली नव्हती. आराखड्यात मात्र आम्ही एक बदल केला. सूर आणखी भरीव व्हावा म्हणून मोठे ध्वनिवर्धक घेण्याचे मनात होते. ते रद्द केले. जे आहे ते पुरते.

हे सगळे आम्हांस सुचले ते स्वतःच्या बुद्धीने नव्हे. खड्डा खणून झाल्यावर नळाभोवती कोळसा भरता भरता वायरमनने सहज सांगितले की, त्याच्या आज्याचे गाव शिवसागरात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांची जोती उघडी पडतात, आणि त्यांत आपले कोणते हे त्याच्या चुलत्यांना अजून दाखविता येते. वर डोंगरात सरकल्यानंतर त्यांच्या वाडीस वीज येण्यास पुष्कळ वर्षे लागली. खाली पाण्यावर दिवे दिसत, असे तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तारा जोडावयास तो त्यानंतरच शिकला.

काम पुरे झाले त्या संध्याकाळी आम्ही त्याला बसवून घेतले आणि तंबोरा लावला. तो दाराशीच उभा राहून ऐकत होता. गाण्याकडे नव्हे, गाण्याच्या आधीच्या शांततेकडे त्याचे लक्ष होते. थोड्या वेळाने म्हणाला, "लाइन साफ आहे, सर." मग जिन्यातील दिव्याची पट्टी तेवढी राहिली होती, ती मंगळवारी बसवून टाक असे आम्ही म्हटले. मंगळवारी जमणार नाही, असे तो म्हणाला. साताऱ्यास कलेक्टर कचेरीत चुलत्यांच्या जमिनीच्या अर्जाची तारीख होती. मागील अर्ज मराठीत होता, आता सोबत इंग्रजीत एक पत्र लागेल असे कोणी सांगितले आहे, ते सर लिहून देतील काय, असे त्याने विचारले. आम्ही गाणे बंद करून कागद घेतला. पट्टी त्याने गुरुवारी बसविली.